कोणी नाही शिकवलं

गेल्या गणपतीत समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंकडे आम्ही नेहमीप्रमाणे आरतीला गेलो. आमचा धाकटा सगळ्यांत पुढे. झांजा त्याच्याकडे असतात, कारण एकदा हातात आल्या की तो त्या परत देत नाही. बाहेर पावसाची झड, आत कापराचा आणि ओल्या छत्र्यांचा वास. आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली, आणि काकूंच्या सासूबाईंनी पोरांच्या हातावर उकडीचा एकेक मोदक ठेवून वर तुपाची धार सोडली. बाकीच्या पोरांचे मोदक कधी संपले ते कळलंही नाही. हा मात्र मोदक तळहातावर धरून, डोळे मिटून उभा. तूप मनगटावरून कोपराकडे ओघळत होतं. आणि मग खणखणीत आवाजात, घरी म्हणतो तसंच, एका दमात: "हे प्रभू, या अन्नाबद्दल तुझे उपकार, ज्या हातांनी केलं त्यांना आशीर्वाद दे, ज्यांना आज मिळालं नाही त्यांना मिळू दे, येशूच्या नावाने, आमेन." नवरा पंख्याकडे बघायला लागला. मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. सासूबाईंनीच कोंडी फोडली. "किती छान म्हटलंस रे! ज्यांनी केलं त्यांना आशीर्वाद म्हणजे मलाच की! कोणी शिकवलं?"

तोंडात अख्खा मोदक कोंबत हा म्हणाला, "कोणी नाही."

हे 'कोणी नाही' मला बरेच दिवस टोचत राहिलं. रविवारी सगळी सोसायटी पांघरुणात असताना मी दोन पोरांना स्कूटीवर घालून चर्चच्या संडे स्कूलला पोचवते. फ्रिजवर दर आठवड्याचं सुवर्णवचन, म्हणजे पाठ करायचं बायबलमधलं वाक्य, लावलेलं असतं, लिंबाच्या आकाराच्या चुंबकाखाली. मे महिन्यात व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा. तिथला पिवळा टीशर्ट, तिथली नाचगाणी, तिथून आणलेले कागदाचे नोहाचे तारू अजून कपाटावर धूळ खात आहेत. एवढं करून पोरगं चारचौघांत सांगतं, कोणी नाही. पण रात्री भांडी आवरताना लक्षात आलं की त्याचं खरंच होतं. ती प्रार्थना त्याला समोर बसवून कोणी म्हणून घेतली नव्हती. कुकरची शिट्टी, ताटांचा आवाज, 'हात धुतलेस का', आणि मग नवऱ्याचे ते चार शब्द, हे सगळं त्याच्या कानावर एकत्रच पडत आलं. 'ज्यांना आज मिळालं नाही' हा तुकडा नवऱ्याने माझ्या वडिलांकडून उचलला, वडिलांनी आजीकडून. आजीने तो कुठून आणला, ते आता विचारायला कोणी नाही.

आणि टोचण्याचं कारण एवढंच नव्हतं. त्याने हे गणपतीसमोर, प्रसाद हातात घेऊन, जराही न संकोचता म्हटलं, याचा मला आनंद झाला होता. त्याचबरोबर पोटात थोडं धस्सही झालं होतं. कोण काय म्हणेल? काकू दुखावल्या तर? आपल्या चर्चच्या मंडळीतल्या कोणाच्या कानावर गेलं तर? मुलाला एका बाजूने भीड नाही आणि दुसऱ्या बाजूने भीती नाही, मला मात्र दोन्ही आहेत. मग या घरात विश्वास नक्की कोण कोणाला शिकवतंय, असा एक वाकडा प्रश्न मनात आला.

गावाकडे प्रसादाबाबत आमच्यात एकमत कधीच नव्हतं. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर. बायबलातलं पौलाचं करिंथकरांना पहिलं पत्र त्यांना पाठ होतं आणि त्यातला आठवा अध्याय ते वकिलासारखा मांडत. मूर्ती म्हणजे काही नव्हे, देव एकच, तेव्हा खाल्ल्याने काही बिघडत नाही; पण तुझ्या खाण्याने एखादा दुबळा भाऊ अडखळत असेल तर खाऊ नको. एवढं सगळं समजावून झाल्यावर ते स्वतः खात नसत. आजीला या वादात रस नव्हता. कोणी सत्यनारायणाचा शिरा आणून दिला की ती पदर सावरून दोन्ही हातांनी घ्यायची, 'केळं लई चांगलं मुरलंय बाई' म्हणायची, आणि वाटी कधी रिकामी परत पाठवायची नाही, गुळाचा खडा तरी टाकायचीच. शिरा मग चुलीपाशी झाकून ठेवलेला असे. आम्ही खाल्ला का, हे तिने कधी विचारलं नाही आणि आम्ही कधी शिल्लक ठेवला नाही. नातेवाइकांत 'आमच्यात चालत नाही' म्हणून हात मागे घेणारेही आहेत. त्यांची श्रद्धा माझ्याहून कमी नाही, कदाचित जास्तच असेल. पण ते वाक्य कानावर आलं की मला कसंतरीच होतं. आमच्या पणज्यांनी तेच वाक्य पिढ्यान् पिढ्या ऐकलेलं आहे, विहिरीवर, उंबऱ्याबाहेर उभं राहून.

गाव नेवासे तालुक्यातलं. ज्ञानेश्वरांनी ज्याला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली तो पैसाचा खांब आमच्यापासून सायकलच्या टप्प्यात. पहाटे मारुतीच्या देवळाच्या कर्ण्यावर हरिपाठ लागायचा आणि रविवारी आमच्या देवळाची घंटा वाजायची. आम्हीही देऊळच म्हणायचो, आत एक साधा लाकडी क्रूस, कोपऱ्यात तबला-पेटी आणि बसायला सतरंज्या. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची पदं आजी जात्यावर म्हणायची, शेजारणी ओव्या म्हणत त्याच ठेक्यात. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं टिळक सांगत. आजी मात्र लहानपणापासून दोन्ही काठांवर वावरणारी, तिला पुलाची गरज पडली नसावी. ती वाचायला शिकली लग्नानंतर, आजोबांकडून, तेही बायबलावरच. त्यामुळे तिला बायबलातली अक्षरं वाचता यायची, एसटीची पाटी नाही. गाडी आली की मला पुढे ढकलायची, "बघ गं, नगर हाय का शेवगाव?" आणि संध्याकाळी तीच बाई स्तोत्राच्या ओळीखालून तर्जनी सरकवत, प्रत्येक शब्दापाशी अंमळ थांबत, दाविद राजाची गाऱ्हाणी वाचायची. त्या बोटाचं नख उखळ-मुसळात कधीतरी चेचलेलं होतं, मधोमध काळी रेघ. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे वाक्य मला आजही त्या काळ्या रेघेसकट दिसतं.

तिच्या चुलीमागे एक पत्र्याचा डबा असायचा, झाकणाला दोरी बांधलेला. भाकरीसाठी परातीत पीठ काढलं की त्यातली एक मूठ त्या डब्यात. रोज. घरात पीठ कमी असलं तरी. एकदा बाजरी महाग झाली होती आणि आई म्हणाली, "आत्याबाई, या महिन्याला राहू द्या." आजी काही बोलली नाही. परातीतल्या पिठाकडे बघितलं, मूठ घेतली, डब्यात टाकली आणि त्या दिवशी स्वतः अर्धी भाकरी कमी खाल्ली. हे मी बघितलं, आईनेही बघितलं, आणि त्यावर आमच्या घरात कधी चर्चा झाली नाही. डबा भरला की देवळात जायचा, तिथून गावातल्या एका म्हाताऱ्या विधवेकडे. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे वचन आम्हाला संडे स्कूलमध्ये हातवाऱ्यांसकट शिकवलं होतं. पण ती म्हातारी रस्त्यात भेटली तर आजी तिच्याशी पिठाबद्दल अवाक्षर न काढता पावसाबद्दल आणि गुडघ्यांबद्दल कितीतरी वेळ बोलत उभी राहायची, ते पाहिल्यावर वचनाचे हातवारे उगीचच केले असं वाटायचं.

देण्याचा सगळ्यांत मोठा तमाशा (हा शब्द मी प्रेमाने वापरते आहे) म्हणजे हंगामाचा सण. पीक घरात आलं की एका रविवारी ज्याने त्याने आपल्या शेतातलं, परड्यातलं देवळात आणायचं. वेदीपुढे बाजरीची कणसं, उसाच्या मोळ्या, कपाशी, दुधी भोपळे, मिरच्या, पाय बांधलेल्या कोंबड्या. पाळकसाहेब उपदेश करत असताना कोंबड्या मधूनच आपलं मत द्यायच्या आणि आम्ही पोरं ओठ चावून हसू दाबायचो. उपासना संपली की देवळाबाहेर लिंबाखाली लिलाव. आणि या लिलावाची गंमत अशी की तो बाजाराच्या उलटा चालायचा. तिथे स्वस्तात मिळवण्यात कोणालाच रस नसे. एखाद्या पोराने आणलेलं एक अंडं कोणीतरी दहा रुपयांना घ्यायचं, परत टेबलावर ठेवायचं, 'पुन्हा बोला'. दुसरा पंधराला घ्यायचा, पुन्हा टेबलावर. असं ते अंडं दुपारपर्यंत गावभर फिरून कोंबडीच्या किमतीला पोचायचं. माझे वडील, जे वहीच्या पुठ्ठ्यालाही 'मागची बाजू कोरी आहे' म्हणून सांभाळून ठेवायचे, त्यांना मी एका वाकड्यातिकड्या भोपळ्यासाठी ईर्षेने बोली लावताना पाहिलं आहे. घरी आल्यावर आईने त्या भोपळ्याकडे बघितलं आणि बाबांकडे बघितलं. भोपळ्याची भाजी आम्ही खूप दिवस खात होतो. बाबांच्या चेहऱ्यावरचा त्या दुपारचा उचंबळलेला, पोरकट आनंद मी नंतर क्वचितच पाहिला.

संध्याकाळची उपासना मात्र कंटाळवाणी असायची, ते कबूल करायला हवं. ओसरीवर घोंगडी, मधे कंदील, 'उपासना संगीत'ची शिवण उसवलेली प्रत. एक गीत, एक अध्याय, आणि मग आजोबांची प्रार्थना. ती घरापासून निघायची, गावातले आजारी, तालुक्याची पीकपाणी, राज्यकर्त्यांना सुबुद्धी, समुद्रापलीकडचे मिशनरी असा प्रवास करत परत ओसरीवर यायला बराच वेळ लागायचा. डास चावायचे. मी एक डोळा किलकिला करून बघायचे तर धाकटा चुलतभाऊही एका डोळ्याने माझ्याकडेच बघत असायचा. आजीने डोळे मिटूनच अचूक चापट मारलेली आठवते. मोठेपणी मंडळीतल्या लोकांकडून 'आमच्या लहानपणी काय सुंदर कौटुंबिक उपासना व्हायच्या' असं ऐकते तेव्हा मला ते डास आठवतात.

पण त्या ओसरीवरची एक संध्याकाळ आहे, जिच्यात काहीच झालं नाही.

मुळेच्या कालव्याचं पाणी सुटलं होतं. पाटाच्या पाण्याची पाळी रात्रीची, आणि बाबांची पाळी संपायच्या आत मोठ्या काकांनी बांध फोडून पाणी आपल्या वाफ्यांकडे वळवलं. बाबांनी चारीवर, चार लोकांदेखत, भावाला नको ते शब्द ऐकवले. संध्याकाळी सगळे रोजच्यासारखे घोंगडीवर आले. बाबा एका टोकाला, काका दुसऱ्या. आजोबांनी चष्मा लावला, पुस्तक उघडलं, एकाकडे बघितलं, दुसऱ्याकडे बघितलं, आणि पुस्तक मिटलं. "आधी तिकडचं मिटवा," एवढंच म्हणाले. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. मत्तयाच्या शुभवर्तमानातलं हे वचन घरात सगळ्यांना पाठ होतं, म्हणून त्यांनी ते उच्चारलंही नाही. आजीने कंदिलाची वात खाली केली. आम्ही पोरं खूश, आज लांबण सुटली! पण अंथरुणावर पडल्यावर झोप येईना. घर आतून रिकामं झाल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्या संध्याकाळीही तेच. त्या दिवशी पलीकडचे पाटीलबाबा कुंपणाशी येऊन विचारून गेले, "मास्तर, कोणाला बरं नाही का? गाणं नाही ऐकू आलं." आजोबा म्हणाले, "जरा घसा बसलाय सगळ्यांचा."

त्या रात्री बाबा बॅटरी घेऊन बाहेर पडले. चारीवर काका पाणी भरत होते. दोघांत काय बोलणं झालं, ते आम्हाला कोणी सांगितलं नाही, दोघे असेपर्यंत कधीच नाही. पहाटे दोघेही गुडघ्यांपर्यंत चिखलात माखून ओसरीवर आले आणि तसेच, पाय न धुता, घोंगडीच्या कडेला बसले. आई चहा गाळत होती, ती गाळणी हातात धरूनच उभी राहिली. आजोबांनी आयुष्यातली सगळ्यांत लहान प्रार्थना केली, दोन-तीन वाक्यांची. मग बाबा म्हणाले, "चहा निवतोय." काकांनी पहिला कप उचलून बाबांपुढे सरकवला.

हा नियम मी माझ्या घरात आणला, पण शहरात आल्यावर त्याचं काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. आमच्याकडे उपासना रात्री उशिरा, नवरा हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून सुटून आला की. सोफ्यावर, फोन उपडे ठेवून, दहाएक मिनिटं. माझं आणि नवऱ्याचं वाजलेलं असलं की धाकटा लगेच पोलिसासारखा कमरेवर हात ठेवून उभा राहतो: "आधी मिटवा, नाहीतर आज प्रार्थना नाही." इथवर ठीक. पण भूक लागलेली असली किंवा मॅच असली, की हा आणि त्याची थोरली बहीण ही जोडगोळी उपासनेच्या आधी मुद्दाम एकमेकांशी भांडण उकरून काढते, म्हणजे सुट्टी! शास्त्राचा असा उपयोग आजोबांनाही सुचला नसता. तरी एक दिवस दोघं खरोखरच भांडली होती, रिमोटवरून नव्हे तर थोरलीने त्याची एक गोष्ट त्याच्या मित्रांना सांगितली म्हणून. त्या रात्री बाल्कनीत दोघांची बराच वेळ कुजबुज चालू होती. आम्ही दोघं आत टीव्ही बंद करून बसून राहिलो. काय बोलली ते आम्हाला कळलं नाही, आणि विचारायचं नाही एवढं मला चारीवरच्या त्या रात्रीने शिकवलेलं होतं.

संडे स्कूलला मी नावं ठेवत नाही. माझी संडे स्कूलची बाई फ्लॅनेलच्या निळ्या बोर्डावर चित्रं चिकटवायची आणि उकाड्यात ती एकेक करून गळायची. येशूला बघायला झाडावर चढणारा जक्कय उंबरावर चढवला की हमखास खाली यायचा, आणि मला बरीच वर्षं वाटायचं की तो गोष्टीतही पडलाच असणार. पाठांतराच्या स्पर्धेत मी स्तोत्र शंभरावर पेन्सिलीचा डबा जिंकला होता. पण रविवारची शाळा मुळात निघाली ती वेगळ्याच कामासाठी. इंग्लंडात ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्सने १७८० मध्ये ती काढली तेव्हा आठवडाभर राबणाऱ्या गरिबांच्या पोरांना रविवारी निदान वाचायला तरी यावं, हा हेतू होता. आपल्याकडेही मिशनबरोबर आली ती अक्षरओळखच घेऊन. आता पोरांना अक्षरं शाळेत मिळतात, आणि आम्ही आईबाप विश्वासाचं सगळं खातं त्या रविवारच्या तासाकडे वर्ग करून मोकळे होतो, जशी गणिताची काळजी क्लासवर सोपवतो. बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मोशे सांगतो की हे शब्द मुलांच्या मनावर बिंबव. कधी, तर घरी बसलेला असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. रविवारी साडेनऊला, असं त्यात नाही.

मातृदिनाच्या जवळच्या रविवारी पाळकसाहेब हमखास लोईस आणि युनीकेवर उपदेश करतात. पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहितो की तुझ्यातला निष्कपट विश्वास आधी तुझी आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता. सगळ्या बायका माना डोलावतात, गुलाबाची फुलं वाटली जातात. मला दर वर्षी एकच प्रश्न पडतो: लोईसने केलं काय? ती काय रांधायची, काय बोलायची, पोरगं ऐकेनासं झालं की काय करायची? तीमथ्याचा बाप हेल्लेणी, म्हणजे ग्रीक, होता असं बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात आहे, म्हणजे घरात दोन तऱ्हा होत्याच. सणावाराला काय होत असेल? पौल पत्रांतून झगे आणि पुस्तकंसुद्धा मागवतो, पण लोईसच्या स्वयंपाकघराबद्दल एक ओळ लिहीत नाही. पुरुषांनी लिहिलेल्या पत्रांत ही अशी माहिती गळायचीच.

थोरली आता दृढीकरणाच्या वर्गाला जाते, म्हणजे मोठं होऊन आपला विश्वास मंडळीपुढे स्वतः कबूल करण्याची तयारी. दहा आज्ञा, प्रेषितांचा मतांगीकार (विश्वासाची कबुली), सगळं पाठ. आणि शाळेतून घरी येऊन विचारते, "आई, आपण कन्व्हर्टेड का? एक मुलगी म्हणाली तुमचं आडनाव तर आमच्यासारखंच आहे." या प्रश्नाचं उत्तर मुलांना द्यायचं कसं, हे कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत. मी तिला चपात्या लाटता लाटता सांगितलं. तिच्या खापरपणजोबांच्या काळात, १८७६ ते ७८ या वर्षांत, दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. जनावरं गेली, माणसं गेली. गावकुसाबाहेरच्यांचे हाल तर कुत्रं खाईना. घरात सांगत आले ते असं, की तेव्हा ते बायको आणि एक पोर घेऊन मिशनच्या दारात गेले. लोक म्हणतात पोटासाठी बाटले. "खरं आहे का?" तिने विचारलं. असेल, म्हटलं. उपाशी माणूस पोटासाठी नाही तर कशासाठी कुठल्या दारात जाईल? पण दुष्काळ संपला, पाऊस आला, मिशनची खिचडी बंद झाली, आणि ते राहिले. त्या अंगणात त्यांना पहिल्यांदा कोणीतरी शेजारी बसवून घेतलं होतं, पोरीला पाटी दिली होती. 'आमची रोजची भाकर आज आम्हास दे' हे तू भरल्या पोटी घडाघडा म्हणतेस, त्यांनी ते पहिल्यांदा म्हटलं तेव्हा कसं म्हटलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. ती काही बोलली नाही. तव्यावरची चपाती तिने न सांगता उलटली.

तिचा दुसरा प्रश्न याहून अवघड होता. माझे वडील आयसीयूत असताना आम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली होती, पोरांनी तर गुडघ्यांवर. बाबा गेले. त्यानंतर थोरली उपासनेला बसते, पण डोळे मिटत नाही. सरळ समोर बघत राहते. माझ्या सासूबाई मला म्हणाल्या, "तिला सांग जरा." काय सांगू? ठेवणीतली उत्तरं मला माहीत आहेत: देवाची योजना, तो अधिक चांगल्या जागी गेला. दफनाच्या वेळी लोकांनी ती मलाही दिली, मायेनेच दिली, आणि मला त्यांचा राग आला होता. तिला मी तेवढंच सांगितलं, की मलाही राग आला, अजून मधूनमधून येतो, आणि मी तो देवालाच सांगते, कारण दुसरं कोण ऐकून घेणार? मग आजीच्या बायबलातून तेरावं स्तोत्र काढून दिलं. जेमतेम सहा वचनांचं. दाविद सुरुवातच भांडणाने करतो, तू मला कुठवर विसरणार म्हणून. तिने ते वाचलं आणि विचारलं, "हे बायबलात ठेवू दिलं?" ठेवलंय खरं. डोळे ती अजून मिटत नाही. पण मधे एकदा बाबांच्या आठवणीने माझाच आवाज प्रार्थनेत अडकला, तेव्हा उरलेली प्रार्थना तिने पूर्ण केली, उघड्या डोळ्यांनीच.

याला शिकवणं म्हणायचं का, आणि म्हटलं तर कोणी कोणाला, ते मला सांगता येत नाही. आपण पेरतो म्हणून जे समजतो ते उगवतं की नाही ते दिसत नाही, आणि भलत्याच बांधावर काहीतरी वर आलेलं असतं. धाकट्याने गावाकडचं काहीच फारसं पाहिलेलं नाही. आजीचा डबा, ओसरी, चारी, यातलं काही नाही. त्याच्या वाट्याला पंधराव्या मजल्यावरचं आभाळ, इंग्रजी शाळा आणि 'गुड मॉर्निंग जीझस' म्हणणाऱ्या गाण्यांचे व्हिडिओ. मराठी गीतांतले 'तारका', 'अघ', 'करुणाघन' त्याला कळत नाहीत. तो ते चालीवर रेटून नेतो, मधे जिथे शब्द सापडत नाही तिथे स्वतःचा घालतो. मी हल्ली दुरुस्त करायचं सोडलं आहे. चाल बरोबर असते.

परवा आमच्या पुण्याच्या मंडळीत हंगामाचा सण झाला. इथे कोणाला शेत आहे? लोक मार्केट यार्डातून फळांच्या पेट्या आणतात, केक आणतात, एका काकांनी तर मिक्सर आणला होता, खोक्यासकट. कोंबड्या नाहीत, त्यामुळे उपदेश निर्विघ्न पार पडला. मुळशीकडे अजून जमीन राखून असलेल्या एका कुटुंबाने गावठी अंडी आणली होती आणि त्यातलं एक लिलावाला ठेवलं, जुनी रीत म्हणून. धाकट्याने हात वर केला आणि गर्जना केली, "पन्नास!" खिशात दमडी नाही. लोक हसले, कोणी बोली वाढवली नाही, अंडं त्याच्या हातात आलं आणि नवऱ्याने निमूटपणे पाकीट काढलं. पावती लिहिणाऱ्या काकांनी त्याला समजावलं की आता ते परत टेबलावर ठेवायचं, म्हणजे पुन्हा लिलाव होईल, देवाच्या कामाला आणखी पैसे मिळतील. हा अंडं दोन्ही हातांत छातीशी धरून मागे सरकला. त्याला त्यातून पिल्लू काढायचं होतं. काकांनी समजावलं, मी समजावलं, मागच्या रांगेतल्या बायका समजावायला लागल्या.

"संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो," थोरली म्हणाली, दृढीकरणाच्या वर्गातल्या आवाजात.

"मग तू दे," तो म्हणाला.